‘कमलगड’चा वायरलेसवाला

गोल मार्केट, नवी दिल्ली
२ ऑगस्ट १९५५

चि. भालचंद्रभावजींस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं कार्ड पोचलं. अण्णासाहेबांना मी ते वाचून दाखवलेलं नाही. तुमच्या दादांच्या नावामागे तुम्ही ‘कै.’ लावलंय ना, म्हणून. सासऱ्यांच्या हातात असलं कार्ड ठेवायला मला धीर होत नाही. इतकी घाई कशाची हो? बारा वर्षं आश्विनात पुरी होतील. तोवर मी सौभाग्यवती आहे आणि पत्राखाली तशीच सही करणार.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानादेठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हे शास्त्र मला ठाऊक आहे. पण असा विधी धाकट्या भावानं करायचा असतो, तेही त्याच शास्त्रात आहे. आणि तुम्ही लिहिता, ‘मला दुकान सोडून येता येणार नाही, तिथल्या गुरुजींकडून उरकून घ्या.’ रत्नागिरीतले रेडिओ आठ दिवस मुके राहिले तर काय आभाळ कोसळणार आहे? सख्ख्या भावाला अग्नी द्यायचा, तर तो गुरुजींनी? कुठंतरी पाणी मुरतंय, भावजी. माझा स्वभाव संशयी आहे, मान्य. सासूबाई म्हणायच्या, सुमित्रा दुधात माशी नसली तर बाहेरून आणून टाकेल. पण इथे माशी दिसतेच आहे मला.

चव्वेचाळीसच्या संक्रांतीला तुम्ही एकटे परत आलात. तेव्हा बैठकीच्या खोलीत जे सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. ‘कमलगड’ला टॉर्पेडो लागला. दादा सेकंड ऑफिसर आणि तुम्ही वायरलेसवर, त्यामुळे दोघं दोन वेगळ्या होड्यांत उतरलात. मग जर्मन पाणबुडी वर आली, तिच्या अधिकाऱ्यांनी हसत हसत होड्यांवर मशीनगन चालवली, आणि त्या गोंधळात दादांची होडी दिसेनाशी झाली. बस. मेले असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. जगले असंही नाही. त्यानंतर दिल्लीला आलात ते एकदाच, सासूबाई गेल्या तेव्हा, आणि तेराव्याला जेवून रात्रीच्या गाडीनं परत.

जाता जाता एक सांगते. आमच्या खात्यात एक जर्मन आलाय. पानिपतला लोकरीच्या गिरणीत नवी यंत्रं बसवताहेत, त्यांचा जाणकार म्हणून. नाव टिमसेन. आमच्या बाबूलोकांनी त्याचा टी. एम. सेन करून टाकलाय, नवा चपराशी तर त्याला बंगालीच समजतो. त्याचा रिपोर्ट टाइप करायला मला दिलंय. जर्मनांचं तोंड पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण सरकारी नोकरीत ठरवून काय होतं?

अण्णासाहेब बरे आहेत. गुडघे तेवढे कुरकुरतात.

सौ. सुमित्रावहिनी


२३ ऑगस्ट १९५५

चि. भालचंद्रभावजींस आशीर्वाद.

पहिल्या पत्राला उत्तर नाही. बरं. तरी लिहिते, कारण इथे आणखी कुणाला सांगू?

शेजारच्या टेबलावरच्या विजयालक्ष्मीनं सांगितलं, हा टिमसेन लढाईत पाणबुडीवर अधिकारी होता. कुणाच्या तरी पार्टीत तो स्वतःच बोलला म्हणे. तो डिक्टेशन देत होता, लोकर पिंजायच्या यंत्राचे दाते कसे झिजतात ते सांगत होता, आणि मी त्याचे हात बघत होते. स्वच्छ, नखं कापलेली. खोकला आला की तोंडावर रुमाल धरणार, मी आत आले की उठून उभा राहणार. असली माणसं फार सभ्य असतात, भावजी. मला सभ्यतेचाच जास्त संशय येतो.

शेवटी विचारलं. म्हटलं, तुम्ही लोक होड्यांमधल्या माणसांवर गोळ्या झाडायचात हे खरं का? तो म्हणाला, काहींनी झाडल्या असतील, मी पाहिलेलं नाही. म्हटलं, सगळे असंच म्हणत असतील. त्यावर तो म्हणाला, हो, सगळे असंच म्हणतात. मग सांगू लागला. जहाज बुडवलं की ते वर येत, होडीतल्यांना जहाजाचं नाव विचारत, कुठे चाललं होतं, काय भरलं होतं ते विचारत, कधी एखाद्या अधिकाऱ्याला कैद करून नेत. पुढे वरून हुकूम आला की वाचलेल्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही. तरी त्यांच्या कप्तानानं एकदोनदा पाण्याचं पिंप दिलं आणि किनारा कुठल्या दिशेला ते सांगितलं. हे सांगताना त्याचा आवाज असा काही झाला की जसा काही मोठा धर्म केला! मी म्हटलं, मिस्टर टिमसेन, आधी घर जाळायचं आणि मग अंगावर घ्यायला चादर द्यायची, याला आमच्याकडे दया म्हणत नाहीत. तो म्हणाला, आमच्याकडेही म्हणत नाहीत.

मग मी जहाजाचं नाव सांगितलं. नुसतं नाव, बाकी एक अक्षर नाही.

त्यानं चष्मा काढला. म्हणाला, आज इतकंच पुरे. आणि दुपारच्या जीपनं थेट पानिपतला निघून गेला. हॅट खुंटीवर विसरून गेला, ती अजून तिथेच आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझी खात्री झाली आहे की तोच आहे. तुम्ही सांगितलेला तो हसणारा अधिकारी दिसायला कसा होता ते मला सविस्तर लिहा. दाढी होती म्हणाला होतात. उंच होता का? उलट टपाली लिहा.

सौ. सुमित्रावहिनी


२६ सप्टेंबर १९५५

भावजी,

तुमची तार मिळाली. ‘जर्मन खोटारडे. त्याच्याशी बोलू नका. भालचंद्र.’ कमाल आहे. वर्षवर्ष पत्राला उत्तर न देणारा माणूस एकदम तार करतो? मी विचारलं होतं दाढीबद्दल. दाढीचं नाव नाही.

तुम्ही बोलू नका म्हणालात, म्हणून मी त्याला जेवायलाच बोलावलं. काल रविवारी. घरात गणपती बसलेले, मोदक होतेच. माझा बेत असा होता की पोटभर खाऊ घालायचं आणि पान वाढलेलं असतानाच अण्णासाहेबांसमोर उलटतपासणी घ्यायची. भरल्या ताटावरून उठून पळणं जर्मनालाही जमणार नाही. अण्णासाहेबांना एवढंच सांगितलं होतं की ऑफिसचे एक साहेब येताहेत.

आला. हातात फुलं, पायातले बूट दारातच काढलेले. पाटावर बसता येईना, तरी बसला. मी वरणभात वाढला, तूप घातलं. अण्णासाहेबांनी नेहमीप्रमाणे हातात पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, उजव्या बाजूला भाताची पाच शितं ठेवली, आपोष्णी घेतली. मी वाटी घेऊन उभीच होते. बघते तर टिमसेनचा चेहरा पांढराफटक.

मला वाटलं, याला काही खुपलं. विचारलं, काय झालं? तो अण्णासाहेबांच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, हे काय आहे? अण्णासाहेबांनी त्यांच्या जुन्या सेक्रेटरिएटच्या इंग्रजीत समजावलं, जेवणाआधी आम्ही सगळ्या जीवांसाठी थोडं काढून ठेवतो, याला चित्राहुती म्हणतात. तर तो म्हणाला,

“आमच्या बोटीत एका कैद्यानं हे केलं होतं. पाणी मोजून मिळायचं आम्हाला. त्याला अर्धा पेला दिला, तर त्यातलं त्यानं असं टेबलावर फिरवलं. माझी माणसं चिडली. एक तर मारायलाच उठला होता.”

आणि त्यानं ते करून दाखवलं. हवेतच, ताटाभोवती.

डाव्या हातानं.

भावजी, मी या माणसाला तुमच्या दादांबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता. डावखुरे होते हे तर नाहीच नाही. पाणी डाव्या हातानं फिरवतो म्हणून अण्णासाहेबांनी लहानपणी त्यांना किती फटके दिले, ते तुम्ही शेजारच्या पानावर बसून पाहिलंत. लग्नानंतर मी स्वतः कितीदा टोकलं. अण्णासाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला. ते फक्त म्हणाले, “दिनू.” मग कुणीच जेवलं नाही. मोदक तसेच झाकून ठेवले.

टिमसेनला मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यानं मला विचारलं, तो तुमचा कोण? मी सांगितलं. तो म्हणाला, मला एवढंच माहीत आहे की तो ‘कमलगड’चा वायरलेसवाला होता. कप्तानाला वायरलेसवाला हवा होता, शेवटपर्यंत मदतीचा संदेश पाठवत राहिलेला तो, संकेतांची माहिती असलेला. म्हणून त्याला होडीतून वर घेतला. आणि मशीनगन? मी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही.

तेव्हा आता मी तुम्हाला विचारते. तुमचे दादा सेकंड ऑफिसर होते. वायरलेसवर तुम्ही होतात.

सुमित्रा


८ ऑक्टोबर १९५५

भावजी,

पितृपक्ष चालू आहे. दारावर कावळे ओरडताहेत आणि कुणासाठी पान ठेवायचं हे या घरात कुणाला ठाऊक नाही.

तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावलाय आणि तो चांगला नाही, हे आधीच सांगते. जर्मन अधिकाऱ्यानं विचारलं असेल, वायरलेसवाला कोण? आणि तुम्ही बोट दाखवलंत. भावाकडे. वयानं मोठा, अंगावर अधिकाऱ्याचा कोट, जर्मनांना पटायलाही सोपं. ते वर गेले, तुम्ही होडीत राहिलात. मग घरी येऊन सांगायला दोन होड्या हव्यात, गोळीबार हवा, हसणारे अधिकारी हवेत. म्हणूनच तुम्हाला पुतळा जाळायची घाई, आणि म्हणूनच तो तुमच्या हातानं नको. बारा वर्षं मी जर्मनांच्या नावानं बोटं मोडली. पापाचा धनी माझ्याच घरात जेवून गेला असेल तर? आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं?

अण्णासाहेब दिवसभर व्हरांड्यात बसतात. परवा एकदाच म्हणाले, भालूला काही लिहू नकोस. मी लिहिते आहे.

आता दुसरं. कैद केलेला माणूस मेलेला नसतो. त्यांच्या बोटी पेनांगला जात, तिथे कैदी जपान्यांच्या ताब्यात देत. इथे दिल्लीत मी आझाद हिंदमधून परत आलेली माणसं पाहिली आहेत. मग तुमचे दादा का नाही? टिमसेनला मी दारात पुढचं विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घातली, म्हणाला, इथे नाही, तुम्ही पानिपतला या. का? इथे का नाही? काय दडवतोय? जर्मनावर माझा विश्वास नाहीच, तुमच्यावरचा होता तोही गेला.

उद्या सकाळच्या बसनं जाते. विजयालक्ष्मी म्हणाली, अकेली मत जाओ. पण हे एकटीनंच ऐकायचं आहे. पानिपत! मराठी बायकांना हे गाव माणसं हरवायलाच ठेवलंय. सदाशिवरावभाऊ गेले तरी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढे तोतयासुद्धा उभा राहिला. मला तोतयाही चालला असता, इतकी थकले आहे.

सुमित्रा


१७ ऑक्टोबर १९५५

चि. भालचंद्रभावजींस,

पितृपक्ष संपला, आज लिहायला बसले. हे पत्र अण्णासाहेबांसमोर बसून लिहिते आहे. तुम्हीही बसून वाचा.

गिरणीच्या मागच्या अंगाला टिमसेनची खोली आहे. तिथे लोकरीचे तंतू हवेत तरंगत असतात, तो सारखा खोकत होता. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. म्हणाला, आधी मी काय केलं ते सांगतो, मग बाकीचं. मी म्हटलं, तुम्ही जे सांगाल ते मी खरं मानीनच असं नाही. तो म्हणाला, तेच बरं.

तुमचे दादा बोटीवर काही दिवसच होते. आतली हवा इतकी कोंदट की माणसं आजारी पडत, म्हणून पहाटे अंधारात बोट वर आली की त्यांना थोडा वेळ वर येऊ देत. त्या पहाटे टिमसेन वर पहाऱ्याचा अधिकारी होता. दादांनी त्याला विचारलं, मागे तोफेजवळ जाऊ का? सूर्याला पाणी द्यायचं आहे. कैद्याला तिथे जाऊ द्यायची परवानगी नव्हती. टिमसेननं दिली. पश्चिमेला पूर्ण चंद्र मावळत होता, हे त्याला पक्कं आठवतं, कारण पाणबुडीवाल्यांना चांदणं शत्रूसारखं. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. आणि त्याच बाजूनं विमान आलं. आपल्याच बाजूचं, भावजी.

विमान दिसलं की बोट बुडी मारते. वरचे सगळे झाकणातून आत उड्या टाकतात, पहाऱ्याचा अधिकारी शेवटी आणि तोच झाकण लावतो. टिमसेननं हाक मारली. दादांनी वळून पाहिलं. हातात ओंजळ तशीच होती. ते पळाले नाहीत. पाणी डेकवर चढायला लागलं होतं. त्यानं झाकण लावलं.

“आत चाळीसपन्नास माणसं होती,” तो म्हणाला, “हे मी स्वतःला सांगतो. तो पळाला नाही, कारण त्याला मला थांबायला लावायचं नव्हतं, असंही सांगतो. कदाचित त्याला नुसतंच कळलं नसेल. मला पहिलं कारण आवडतं, म्हणून मी त्या कारणावर विश्वास ठेवत नाही.”

माझ्याहून संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटला. त्यानं क्षमा मागितली नाही आणि मी केली नाही. मी रडले. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आश्विनातली पौर्णिमा. कोजागिरी. बारा वर्षं त्या रात्री मी मंडळात जाऊन आटीव दूध प्यायले, बायकांबरोबर भेंड्या खेळले.

मग मी त्याला दुसरं विचारलं. खरं तर हेच विचारायला मी जास्त आतुर होते, इतका तुमचा राग आला होता. विचारलं, होडीत त्यांच्याकडे बोट कुणी दाखवलं?

तो म्हणाला, कुणीच नाही. होडीच्या कडेला आकड्याचा बांबू लावून ती पाणबुडीशी धरून ठेवायचं काम त्याचंच होतं, त्यामुळे त्यानं सगळं हातभरावरून पाहिलं. दोघं शेजारी बसले होते, एकाच होडीत, चेहऱ्यावरून भाऊ दिसत होते. कप्तानानं वरून विचारलं, वायरलेसवाला कोण? धाकट्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात थोरल्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा घट्ट, आणि दुसरा हात वर केला. म्हणाला, मी. वर चढेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

बोटीवर त्यांना वायरलेसची किल्ली दिली तर धड चार अक्षरं वाजवता येईनात. जर्मन वायरलेसवाला हसला. टिमसेनला तेव्हाच कळलं की माणूस चुकीचा आला आहे. कप्तानाला कळलं असतं तर त्यानं परत फिरून तुम्हाला उचललं असतं, होडी अजून लांब गेली नव्हती. टिमसेननं सांगितलं, धक्क्यानं त्याचा हात बधिर झालाय. एवढं एक खोटं आपण चांगलं बोललो, असं तो म्हणाला. म्हणजे तुम्ही जगलात त्यात त्याचाही वाटा आहे, आवडो न आवडो.

घरी येऊन मी अण्णासाहेबांना सगळं सांगितलं. झाकणाचंही. न सांगून कुणाचं भलं झालंय आजवर? त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “शिमल्याला असताना भालूनं साहेबाच्या घराची काच फोडली होती. तेव्हाही दिनूच पुढे झाला. मला तेव्हाही कळलं होतं कुणी फोडली ते. मारलं मात्र दिनूला.” एवढं बोलून ते आत गेले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोठ्यानं रडताना ऐकलं.

मागच्या पत्रात बोट दाखवल्याचं मी जे लिहिलं, ते मागे घेते. फाडून टाका. पण त्या दोन होड्या आणि त्या गोळ्या मागे घेत नाही. तुम्ही आम्हाला बारा वर्षं एक खोटा समुद्र दाखवलात. मला वाट पाहायला लावलीत, तीही खोट्या होडीची. खरं सांगितलं असतंत तर आम्ही तुम्हाला काय केलं असतं? अण्णासाहेबांनी एक फटका मारला असता, जो त्यांनी शिमल्याला चुकीच्या मुलाला मारला. बस, इतकंच. जवळ घेतलं असतं नंतर.

पौर्णिमा तीस तारखेला आहे, रविवारी. तिथी कळली म्हणून गुरुजींना बरं वाटलं. पंजाब मेलनं या. दुकानाला कुलूप लावा. पळस मी आणवून ठेवते, अग्नी तुम्हीच द्यायचा. टिमसेननं विचारलंय, लांब उभा राहिलो तर चालेल का? अण्णासाहेब म्हणाले, लांब कशाला? त्या दिवसापर्यंत मी कुंकू लावणार आहे. त्यानंतर लावायचं की नाही ते माझं मी बघीन, कुणी शास्त्र सांगायला येऊ नये.

अग्नी देण्याआधी मात्र अण्णासाहेबांसमोर बसायचं आणि सगळं सांगायचं, तुमच्या तोंडानं. आम्हाला माहीत आहे, तरी सांगायचं. तुम्ही गप्प का राहिलात ते मला आता कळतं आहे. दादांनी तोंडावर हात ठेवला तो तुम्ही काढलाच नाहीत. त्यांनी तो तुम्ही जगावं म्हणून ठेवला होता, भावजी. तुम्ही जगलात. आता काढा.

तुमची वहिनी,
सुमित्रा